हवाईसाहेबांची दिवसाची चक्कर

रिक्षात बसायच्या आधी हवाईसाहेब तिच्याभोवती एक फेरी मारतात. चाकाला लाथ घालतात, वाकून खाली बघतात. आमच्या इतवारा मोहल्ल्यातले रिक्षावाले हसतात, "बाबूजी, हवाई जहाज नहीं है, स्टेशनलाच जायचंय!" साहेब म्हणतात, "पडायला तेवढंच पुरतं."

मी वीस वर्षं त्यांच्या घरी भाकरी करते. माझा नवरा वारला, त्याच साली वादळात केळीची बाग आडवी झाली, मग निंबोला गाव सोडून इथं शहरात आले. रडायला टाइम नव्हता.

साहेबांनी एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बचं विमान चालवलं. आता ऐंशी पार, तरी आभाळात घरघर झाली की ताट सोडून गच्चीवर.

"साहेब, वरण थंड होतंय!"

"वरण तापवता येतं, सुमनताई. हे परत येत नाही!"

लढाईचं विचारलं की एवढंच सांगायचे, "सगळं रात्रीचं. खाली कोण होतं, कधी दिसलंच नाही."

म्हणून एकच धरलं होतं, एकदा दिवसा उडायचं. विमान शिकवणाऱ्या शाळेनं वयामुळं दोनदा नाही म्हटलं. साहेब रोज वीस वेळा जिना चढायचे, गुडघे सुजले तरी. डॉक्टरचा कागद आणला. शेवटी शाळा बोलली, चालवू देणार नाही, बाजूला बसवू. पण घरच्याची सही पाहिजे. परदेशातल्या मुलानं फोनवरच साफ मना केलं.

साहेबांनी कागद माझ्यापुढं ठेवला. "नात्याच्या जागी बहीण लिहिलंय."

"मला सही कुठं येते?"

"अंगठा आहे ना?"

लावला.

शाळेचं विमान केवढंसं! मी कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आपण नवीन गाडीला ठेवतोच की. उडवणारी पोरगी धावत आली, "आजी, इथं काही टाकायचं नसतं!" साहेबांनी लिंबू खिशात घातलं. "हेही येईल माझ्यासोबत." अन् चाकाला लाथ घालायला निघाले. पोरीनं दंड धरून आत बसवलं.

वीस मिनिटं मी झाडाखाली उभी. बाग पडली तेव्हा बी एवढी घाबरले नव्हते.

साहेब उतरले ते तिथंच सिमेंटवर बसले.

"मळमळतंय का, साहेब?"

त्यांनी मान हलवली. "उतरताना एका गच्चीवर एक बाई पापड वाळू घालत होती. आम्ही तिच्या डोक्यावरूनच गेलो. तिनं वर बघून हात केला."

"मग?"

"पळाली नाही, ताई."