मेपलची पानं

वसुंधराकाकूंनी सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर ‘शरद चहापान’ जाहीर केलं, तेव्हा एव्हरशाईन सिटीतली माणसं ऑक्टोबरच्या उकाड्याने दिवसातून दोनदा आंघोळ करत होती. वसईत या दिवसांत झाडाचं पानही गळत नाही. पण काकू नुकत्याच कॅनडात लेकीकडे राहून आल्या होत्या आणि तिथली पानगळ त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. सगळ्यांनी नारिंगी किंवा तपकिरी नेसायचं ठरलं. तिथल्या मेपलच्या पानांच्या आकाराची बिस्किटं करायचं काम सुरुचीकडे आलं.

सुरुचीला आभाळ ठेंगणं झालं. नोकरी सोडून तिने घरी बेकिंग सुरू केलं होतं, पण आजवरचं एकमेव नियमित गिऱ्हाईक म्हणजे नवरा, परेश. सोसायटीत दिवाळीला वाटायच्या खाऊच्या खोक्यांची ऑर्डर काकूच देणार होत्या. बिस्किटं जमली तर धंदा मार्गाला लागणार, फसली तर पुन्हा नोकरी शोधायची, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

तिने खास लाकडी साचा मागवला. त्यात मेपलचं पान कोरलेलं, शिरांसकट.

“जन्म पानवेलीच्या वाडीत गेला माझा,” सासूबाई, मालनबाई, साचा उलटसुलट करत म्हणाल्या, “पण असलं फाटकं पान नाही बघितलं.”

“फाटकं नाही आई, ते तसंच असतं.”

या बिस्किटांत सोडा घालायचा नसतो. पीठ फुगलं की नक्षी गेली. हे सुरुचीला ठाऊक होतं, मालनबाईंना नव्हतं. सून पीठ मळून आंघोळीला गेली आणि त्यांना सोड्याचा डबा न उघडलेला दिसला. बिचारी गडबडीत विसरली, चारचौघींत फजिती नको, म्हणून त्यांनी गुपचूप सोडा घालून पीठ पुन्हा मळलं. सुनेवरची एवढी माया त्यांनी बोलूनही दाखवली नाही.

साच्यातून पानं सुरेख निघाली. ओव्हनमध्ये गेली आणि बाळसं धरू लागली. शिरा बुजल्या, टोकं गोल झाली आणि बघता बघता ट्रेभर गुबगुबीत तळहात तयार झाले.

परेश काचेतून डोकावला. “आत कोणीतरी अडकलंय गं. काच वाजवेल आता.”

“आई, तुम्ही पिठात काही घातलंत?”

“तू विसरलेला सोडा,” मालनबाई समाधानाने म्हणाल्या.

सुरुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. “यापुढे माझ्या पिठाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली आणि सोड्याचा डबा तिने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. मालनबाई बाल्कनीत जाऊन बसल्या.

लोणी संपलं होतं, वेळही. सुरुचीने गरम बिस्किटं पुन्हा साच्यात दाबून पाहिली, तर बोटं तुटली. मग उरलेल्यांवर चॉकलेटने शिरा काढल्या. परेशने एक उचलून निरखलं. “आयुष्यरेषा चांगली आहे. परदेशगमन दिसतंय.”

अखेर तिने ती थाळीत पालथी मांडली, वर रुमाल झाकला आणि क्लबहाउसमध्ये नेली. काकूंनी रुमाल उचलला, एक बिस्कीट सुलटं केलं.

“ही मेपलची पानं?”

नारिंगी साड्या थाळीवर वाकल्या. सुरुचीला दिवाळीची खोकी दुसऱ्या कोणाच्या घरी जाताना दिसली.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या डेल्फिन आंटीने एक बिस्कीट आपल्या तळव्यावर ठेवलं. “आमच्या एरॉलचा हात,” त्या हळूच म्हणाल्या. “अगदी अशीच बोटं आहेत नातवाची.” त्यांनी ते खाल्लंच नाही, रुमालात गुंडाळलं. “पुढच्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा आहे. पाहुण्यांना हेच वाटायचे. करशील ना, बाय?”

काकू अजून हातातल्या बिस्किटाकडे बघत होत्या. “माझी नात सहा महिन्यांची आहे,” त्या म्हणाल्या. “फोनच्या काचेवर हात ठेवते. मी इकडून ठेवते.” इतके दिवस त्या पानगळीबद्दल बोलत होत्या, पण त्यांना आठवण भलत्याचीच येत होती. “दिवाळीच्या खोक्यांत हेच ठेव, सुरुची. दुसरं काही नको.”

सुरुची हवेत तरंगत घरी आली. परेशने लोणी आणून ठेवलंच होतं. तिने नवं पीठ मळलं, फळीवरच्या डब्यातला चिमूटभर सोडा घातला, डबा परत वर ठेवला आणि ओव्हनपुढे बसली. बाहेर आली ती रेखीव, शीर न् शीर उठलेली मेपलची पानं. एकाचाही हात झाला नव्हता.

ती बाल्कनीत गेली. “आई, सोडा किती घातला होता?”

“चिमूटभर.”

“मीही तेवढाच घातला.”

“तुझ्या चिमटीने घातलास.”

“मी सकाळी फार बोलले. चुकलं माझं. तुम्ही घालून द्याल का?”

“मला पिठाला हात लावायची मनाई आहे,” मालनबाई म्हणाल्या. पण उठल्या, पदर खोचला, ओट्यापाशी आल्या आणि मान वर करून फळीकडे बघत राहिल्या.

“तो डबा आधी खाली काढ,” त्या म्हणाल्या. “आणि आता खालीच ठेव.”

सुरुची स्टूल आणायला धावली.