मायतेची न कापलेली फिल्म

वाळवंटातल्या आमच्या कला-उत्सवाला पहिल्यांदा येणारा माणूस रीनो शहरात सगळ्यात आधी कुणाला ओळखत असेल, तर मला. मी चित्रकार नाही, शिल्पकार नाही. मी मूर्ख आहे. म्हणजे फिल्ममधला. दर उन्हाळ्यात नवख्या मंडळींना लायब्ररीच्या हॉलमध्ये बसवून आम्ही छोट्या छोट्या फिल्म दाखवतो. पाणी किती न्यायचं, धूळ कशी सोसायची, तंबू कसा ठोकायचा. या सगळ्या माझ्या बायकोनं, मायतेनं, काढलेल्या. कॅमेऱ्याच्या मागे ती, पुढे मी. पाणी विसरणारा मी, अनवाणी हिंडून टाचा फोडून घेणारा मी, आणि उडालेल्या तंबूमागे धावणाराही मीच. शेवटी ‘आता बरोबर पद्धत’ अशी पाटी यायची आणि ती दाखवायला मायते शेजाऱ्याला बोलावून आणायची. बरोबर काही करताना मी दिसलो तर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं तिचं म्हणणं.

मायते फेब्रुवारीत गेली.

जूनमध्ये वर्ना माझ्याकडे आली. वर्ना आमच्या मंडळाची मुख्य. अग्निशमन दलातून निवृत्त झालीय, पण अजून आग लागल्यासारखीच बोलते. त्या दिवशी मात्र ती हळू आवाजात म्हणाली, की यंदा बाहेरून फिल्म मागवू, तुला त्रास नको. मी छाती पुढे काढून सांगितलं, फिल्म मायतेच्याच लागतील आणि प्रोजेक्टरही मीच चालवीन. त्यात आहे काय, एक बटण तर दाबायचं! मग तिनं विचारलं, मायतेबद्दल दोन शब्द बोलशील का. मी नाही म्हटलं. मायते गेली हे मी तोवर स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्यांना कळवायचं त्यांना वर्नानंच कळवलं होतं. बाकी पोस्टमन, बेकरीवाली, कुणी विचारलं की मी म्हणायचो, ती घरी नाही. ते काही खोटं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल गच्च भरला. वर्ना मागच्या खोलीत कॉफीच्या मागे होती. मायतेचा लॅपटॉप जोडून मी बटण दाबलं आणि पाण्याची फिल्म बिनबोभाट पार पडली. मग तंबूची लागली, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. मायतेनं कापून, जोडून तयार केलेली फिल्म ही नव्हेच. कॅमेऱ्यातून निघाली तशीच्या तशी मी लावली होती.

पडद्यावर मी खुंट्यांच्या जागी पाण्याचे डबे ठेवून तंबू उभारला. वारा आला, तंबू उडाला, मी मागे धावलो, धावताना पँट घसरली. इथं ती फिल्म कापायची. पण आता फिल्म पुढे चाललीच होती. तंबू कुणाच्या तरी शिजत्या रश्श्यावर जाऊन पडला, मी पँट धरून माफी मागतोय, आणि सगळं चित्र गदागदा हलतंय, कारण कॅमेऱ्यामागे मायते हसतेय. तिचं हसणं म्हणजे मेंढीला उचकी लागावी तसं. अख्खा हॉल तिच्याबरोबर हसायला लागला. मी बटणाकडे हात नेला आणि तो तिथंच राहिला. फेब्रुवारीनंतर तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग तिनं कॅमेरा गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि स्वतः समोर आली. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या.

“नव्या मंडळींनो, या माणसाचं काही ऐकू नका,” ती म्हणाली. “चांगला आहे, पण उपयोगाचा नाही. काही अडलं तर सरळ माझ्याकडे या. येताना व्हिनेगरमधल्या मिरच्या आणा. या धुळीत दुसरं काही घशाखाली उतरत नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यामागून आणखी कच्च्या फिल्म लागत गेल्या आणि मी एकही थांबवली नाही. वेळ संपला. बरोबर पद्धत कुणी पाहिलीच नाही, आणि उत्सवातल्या मंदिराची जी शेवटची फिल्म, ती तर लागलीच नाही.

कार्यक्रम संपल्यावर रोवेना नावाची बाई पुढे आली. मूळची फिलिपिन्सची, इथल्या एका हॉस्पिटलच्या चादरी-कपड्यांची धुलाई तिच्या हाताखाली. तिच्यामागे पंधरा-वीस जण. तिनं विचारलं, “या बाई तिथं कुठं भेटतील?”

एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, “मंदिरात.”

जुन्या माणसाला लगेच उमगलं असतं. आमच्या लाकडी मंदिरात देव नसतो. गेलेल्या माणसांच्या वस्तू लोक तिथं ठेवतात, भिंतींवर त्यांना दोन ओळी लिहितात, आणि शेवटच्या दिवशी ते सगळं जाळतात. पण हे सांगणारी फिल्म मीच लावली नव्हती. रोवेनानं विचारलं, कधी. मी म्हटलं, गुरुवारी सकाळी. कारण त्या सकाळी मायतेची शाल तिथं ठेवायचं मी ठरवलं होतं.

उत्सवाच्या पहिल्याच दिवशी वारा सुटला आणि नवख्यांचे तंबू पतंगासारखे उडाले. सगळ्यांनी चारी कोपऱ्यांत इमानदारीनं पाण्याचे डबे ठेवले होते. रोवेनाचा तंबू एका लोखंडी हत्तीच्या सोंडेत सापडला. पण कुणी चिडलं नाही. गुरुवारी त्या बाईंनाच विचारू, असं त्यांनी आपसात ठरवलं. ते वर्नाच्या कानावर गेलं आणि ती तरातरा माझ्याकडे आली. “बर्नार, मायते येणार असं तू सांगितलंस?” मी झालं ते सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, मी सांगून टाकते सगळ्यांना. मी म्हटलं, नको, मीच सांगतो. आणि गुरुवारपर्यंत तंबूतून बाहेरच पडलो नाही.

गुरुवारी, कुणी येणार नाही अशी आशा धरून, मी शाल घेऊन निघालो. सगळे आले होते. मंदिरात लोक भिंतीला कपाळ टेकून रडत होते, आणि दाराशी ही आमची वरात, उत्सवातल्या सोंगांसकट. एक सशाच्या पोशाखात, एक अंगभर चंदेरी रंग फासलेला, दोघी पिसांच्या झग्यात. प्रत्येकाच्या हातात मिरच्यांची बरणी. सशाजवळ मायतेच्या नावाची पाटीसुद्धा होती, विमानतळावर धरतात तशी.

“त्या मागून येताहेत का?” रोवेनानं विचारलं.

“ती फेब्रुवारीत वारली,” मी म्हणालो.

सशानं पाटी हळूच पाठीमागे नेली. रोवेना माझ्या हातातल्या शालीकडे बघत राहिली. “मग आम्हाला इथं का बोलावलंत?”

“मला ते म्हणता येत नव्हतं.”

“आत्ता म्हणालात,” ती म्हणाली, आणि माझा दंड धरून तिनं मला आत नेलं.

इथं करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. मग मीच सांगितलं. वस्तू कुठं ठेवायची, कुठं लिहायचं, हळू का बोलायचं. तेवढ्यात कुणीतरी तंबूची बरोबर पद्धतही विचारून घेतली. रोवेनानं पेन मागितलं. तिची आई तिकडे फिलिपिन्समध्ये, इलोइलोला वारली तेव्हा रोवेनाला विमान मिळालं नव्हतं. भिंतीवर ती बराच वेळ लिहीत होती.

मी शाल ठेवली. लोकांनी तिच्याभोवती बरण्या मांडल्या. लगेच मंदिराचा राखणदार आला आणि फार अदबीनं म्हणाला, की काच जळत नाही, हे इथं ठेवता येणार नाही. आम्ही बाहेर सावलीत बसलो आणि मिरच्या खाल्ल्या. भलत्याच तिखट निघाल्या. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मी मायतेबद्दल बोलत होतो. बहुतेक दुपारपर्यंत बोललो.

ऑक्टोबरमध्ये दातांच्या दवाखान्यातून फोन आला. मायतेची तपासणीची वेळ मी दर खेपेला पुढे ढकलत आलो होतो. या वेळी नीट सांगितलं, की ती आता नाही, तिचं नाव काढून टाका. पलीकडची मुलगी वाईट वाटलं म्हणाली. मी तिचे आभार मानले. पहिल्यांदाच न अडखळता बोललो, म्हणून स्वतःवर जरा खूशही झालो.

मग ती म्हणाली, की बर्नार, तुमची स्वतःची तपासणी तर कितीतरी वर्षं झालेली नाही.

गेलो. दाढ काढली.