भोंग्याला उत्तर देणारे मारोतकाका

केळझर गावाच्या अलीकडे आमचं वावर आहे आणि धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून मारोतकाकांचं. हे गृहस्थ भोंग्याला उत्तरं देतात. उभ्या मक्यातून बाईचा खणखणीत आवाज येतो, "अवो, डबा कुठी ठेवला?" आणि काका मान वर न करता सांगतात, "निंबाखाली." दोन मिनिटांनी भोंगा तेच विचारतो, काका तेच सांगतात. हे दिवसभर. मी चटकन तापणारा माणूस. तो भोंगा माझा असता तर कधीच विहिरीत गेला असता.

आता हा भोंगा काय प्रकार आहे ते सांगतो. आमच्याकडे मक्यात दाणा भरू लागला की रात्री रानडुकरं आणि दिवसा माकडं. म्हणून बॅटरीचा भोंगा आणायचा, त्यात काहीतरी भीतीदायक आवाज भरायचा आणि बांबूला टांगायचा. मी कुत्र्याचं भुंकणं भरलं. काकांनी वाघाची डरकाळी भरली, तर डुकरांनी ती ऐकत ऐकत दोन ओळी फस्त केल्या. मग त्यांनी स्वतःचा आवाज भरला. काका बोलतात इतकं मऊ, की डुकरांना ते जेवणाचं आवतण वाटलं असावं.

तिसऱ्या खेपेला काका बटण दाबून, काय बोलावं याचा विचार करत उभे होते. तेवढ्यात मागून काकांच्या पत्नी सुमनकाकू आल्या आणि सुरू झाल्या. डबा कुठी ठेवला, इतका मोठा माणूस, एक डबा सांभाळता येत नाई, सांगून सांगून माह्यं तोंड दुखलं! सगळं जसंच्या तसं भोंग्यात भरलं गेलं. त्या रात्रीपासून एकही डुक्कर त्या वावरात फिरकलं नाही. काकू मात्र दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. आपण शिवारभर गाजतो आहोत, हे त्यांना कोणी कळवलं नाही.

काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. गाडी पंक्चर झाली, होते नं, होते. घर गळतंय, होते नं, होते. डॉक्टरनं सांगितलं, साखर वाढलीय; त्यालाही तेच. फोनवर तर एवढंही नाही. काकूंचा फोन आला की हो, हो, बरं हाये, ठेवतो. कणसं सोलताना मात्र त्यांचं तोंड चालतं, तेही कणसांशी. एखाद्यात दाणे विरळ निघाले तर त्याला वेगळं ठेवून म्हणतात, याले दात नाई आले अजून.

सव्वा महिन्यासाठी गेलेल्या काकू दिवाळीलाही आल्या नाहीत. इकडे मका वाळून खडखडीत झाला. माझी तोडणी आटोपली. आमची दोघांची मळणी एकाच थ्रेशरवर, आणि थ्रेशरवाल्यानं गुरुवार दिलेला. दोघांचा माल तयार असेल तरच येतो म्हणाला. तो दिवस चुकला की मशीन आठ दिवस दुसऱ्या गावी. त्यात आभाळ भरून आलेलं. काकांनी सगळं वावर तोडलं, पण भोंग्याभोवतीच्या पाच-सहा ओळी उभ्या ठेवल्या. विचारलं तर म्हणे, हिरवा हाये अजून. मी एक कणीस सोललं. दाणा असा टणक, की नख मोडलं.

बुधवारी दुपारी माझं डोकं फिरलं. पोतं घेतलं, त्यांच्या वावरात शिरलो आणि आधी तो भोंगा काढायला हात घातला. काकांनी धावत येऊन माझं मनगट धरलं.

"राहू दे दिलीप. मका निघाला का भोंगाही काढा लागते. मंग मी बोलू कोनाशी?"

मी भोंग्यावरचा हात काढला. इतके दिवस मी या माणसाला आळशी समजत होतो. मला माझीच लाज वाटली. मग खिशातून फोन काढला, काकूंना लावला, आवाज मोठा केला आणि काकांच्या हातात दिला. ते नेहमीसारखं बरं हाये, ठेवतो म्हणणार, तोच मागून भोंगा कडाडला.

"कोण बाई बोंबलून राह्यली वो तिकडं?" काकूंनी विचारलं.

काकांचा चेहरा पडला. "तूच हायेस. डुकरं हाकलाले भरलं होतं."

"माहा आवाज? डुकरं हाकलाले?"

"डुकरं त कधीची गेली. आता मीच आयकतो."

 

"पोरगी महिनाभरापासून म्हणते, आई, जाय आता घरी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मीच थांबली. म्हटलं, तुमी ये म्हणान. तुमचं आपलं दर खेपेले ठेवतो, ठेवतो."

काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "ये," ते म्हणाले. "मले करमत नाई तुह्याबिगर."

मी कणसं तोडायला लागलो. काकांनी अडवलं नाही. ते निंबाखाली बसून काकूंना वावरातली एकेक गोष्ट सांगत होते: कोणती ओळ चांगली पिकली, गाय कधी व्याली, पोळ्याला कोण कोण घरी येऊन गेलं. सगळ्या ओळी संपल्या, पोती भरली, तरी बोलणं सुरूच. फोन माझा होता, घरी जायला उशीर होत होता, पण मी काही तो मागितला नाही.