सोवळ्यातला पियानो

आमच्या आळीत एक वेळ देवाला शिवलेलं चालून जाई, पण तात्या लिमयांच्या पियानोला शिवलेलं चालत नसे. "हात लावू नको मेल्या, सोवळ्यात आहे तो!" तात्या ओसरीवरूनच ओरडत. पियानोला सोवळ्यात ठेवणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत हा एकच, आणि तो नेमका माझा शेजारी.

तात्या कोर्टात नाझर होते. एका जुन्या जज्जाच्या मडमेचा हा उभा पियानो, साहेब विलायतेला गेल्यापासून कोर्टाच्या कोठीत सडत होता. शेवटी लिलाव निघाला, तेव्हा बोली लावायला कुत्रंही फिरकलं नाही. नुकतेच पेन्शनीत गेलेल्या तात्यांनी तो घेतला आणि बैलगाडीत घालून घरी आणला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आळीचं एकमत झालं. आमच्या आळीचं एकमत दुसऱ्याच्या बाबतीत चटकन होतं.

पियानोत जीव उरला नव्हता. खाऱ्या हवेने तारा गंजलेल्या, तळाला वाळवी, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. तात्यांनी घासलेटाने तारा पुसल्या, तुटक्यांच्या जागी मुंबईहून बोटीने नव्या मागवल्या. पट्ट्या सुटाव्यात म्हणून पावसाळाभर जवळ शेगडी धुमसत ठेवली. पेटी शेजारी घेऊन एकेक सूर जुळवला. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांची लोकर कसरीने खाल्ली होती. तिथे तात्यांनी आपली पूजेची धाबळी कापून चिकटवली. तेव्हापासून पियानो सोवळ्यात गेला. "लोकरीला विटाळ नाही, पट्ट्यांच्या हस्तिदंताला नाही," ते निकाल वाचल्यासारखे सांगत, "विटाळ आहे तो तुमच्या हातांना!"

दुपारची जेवणं होऊन आळी आडवी झाली, की तात्या माजघराचं दार लावून घेत आणि पियानो सुरू होई. चाल विलायती, पण हात गोड. आळी मात्र शिव्या मोजी. "मेला झोपू देईल तर शपथ," समोरचे भटजी म्हणत. तात्या हात जोडून हसत. "म्हातारपणचा नाद हो, सांभाळून घ्या."

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची मुलगी यमू. लहानपणी ती त्यांचं बोट धरून जज्जाच्या बंगल्यावर जाई. मडमेने तिला हौसेने हाच पियानो शिकवला होता. मग लग्न झालं, नवरा गेला, आणि केस उतरवून लाल आलवणात ती बापाकडे आली. विधवा मोठ्याने हसली तरी आमच्या आळीचा धर्म बुडत असे. यमू सकाळपासून सोवळ्यात स्वयंपाक करी आणि कोणाच्या नजरेला पडत नसे.

एकदा दुपारी नारळ पडला म्हणून मी परसात गेलो. गडग्यापलीकडे पोफळीच्या बुडाशी तात्या बसले होते, आणि आत पियानो वाजत होता. मला पाहताच ते उठले आणि गडग्यावरून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आत मी वाजवतोय," ते म्हणाले. "कळलं?"

"कळलं, तात्या."

"कोणी विचारलं तर?"

"तुम्हीच वाजवता."

साऱ्या आळीला बाहेर ठेवायचं आणि एकटीला आत घ्यायचं, एवढ्यासाठी ते सोवळं होतं. त्याहून पवित्र सोवळं मी पाहिलेलं नाही, आणि भटजींची पूजा मी रोज पाहतो.

पुढच्या वर्षी वेळणेश्वरहून यमूचा दीर आला. त्याच्या बायकोचं बाळंतपण होतं, राबायला हक्काचं माणूस हवं होतं. सून त्यांची, तात्यांना नाही म्हणता येईना. यमू बोचकं उचलून त्याच्यामागून गेली. एक बाळंतपण संपलं, दुसरं आलं. फुकटची मोलकरीण कोण परत धाडतो?

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्या वेळी, पियानो वाजू लागला. एका बोटाने, अडखळत, सगळं चुकत. तात्यांना सूर जुळवणं जमलं होतं. वाजवणं या जन्मी जमणार नव्हतं. "तात्याचा हात गेला हो," भटजी म्हणाले. "वय झालं," मी म्हणालो.

ते रोज वाजवत राहिले. ऐकवेना, म्हणून एका दुपारी मी त्यांना ओसरीवर गाठलं. "तात्या, आता पुरे करा."

"मी थांबलो, की ती गेली आणि पियानो थांबला, असं होईल," ते हळू आवाजात म्हणाले. "आळीत कोणाच्या तरी ध्यानात येईल. मग वेळणेश्वरला कळेल. तिथे तिला काय काय ऐकवतील रे?"

एवढं बोलून ते आत गेले, दार लावून घेतलं, आणि पुन्हा चुकायला लागले.