दाढदुखीचा दुष्काळ

दुष्काळ फोटोत कसा पकडतात, हे अख्ख्या वडवणीत फक्त मला ठाऊक आहे! कारण पकडताना मीच सापडलो.

घरोघर नवीनच केबल येत होती, तेव्हाची गोष्ट. बाजारात माझं कापडाचं दुकान. मे महिन्यात कुठल्याशा बड्या पेपरचा फोटोवाला एसटीतून उतरला आणि मलाच विचारू लागला, "दुष्काळ कुठं आहे?" मला लई उत्सुकता! दुकान बंद करून त्याला आटलेल्या तळ्यावर नेलं.

"भेगा झकास आहेत," तो म्हणाला, "पण माणूस हवा. तुम्हीच बसा. घड्याळ काढा, चपला काढा. आता वर बघा."

"वर काय हाय?"

"काहीच नाही. तेच बघा!"

मान वर केली आणि किडकी दाढ अशी ठणकली, की डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"वा!" फोटोवाला ओरडला. खटाखट, खटाखट!

पेपर आला. फोटोखाली छापलेलं, 'उपाशी शेतकरी'. नव्वद किलोचा मी! पावसाळ्यात तोच चेहरा दुसऱ्या पेपरात, भेगा कापून: 'महापुरानं बेघर'. दिवाळीला तिसऱ्यात: 'समुद्री वादळानं कोळी हवालदिल'.

शेजारचा फळवाला ख्वाजा पेपर नाचवत आला. "अप्पा, आता तर समुद्रात बुडालास की बे!"

"पण दुष्काळाचा फोटो पुराला चालतोच कसा?"

"तोंड रडकं हाय ना? कुठंबी चालतं!"

मला गंमत वाटत होती. तेवढ्यात माझ्या लेकीचं, शिवानीचं, जमत आलेलं लग्न अडलं! अंबाजोगाईहून होणारे व्याही, विश्वेश्वरप्पा, तावातावानं आले.

"मन्मथप्पा, घर पुरात वाहून गेलं, हे आमच्यापासून कावून लपवलं?"

"अहो, त्याच घरात तर बसलोय आपण!"

त्यांनी भिंतीवर हात आपटून पाहिला. "मग पेपरात रडताय कावून?"

"दाढ हो, दाढ!" मी आ वासला. बायकोनं, गंगासागरनं, बॅटरी धरली. व्याह्यांनी आत डोकावून खात्री केली. लग्न ठरलं!

लग्नात हौसेनं ढीगभर जिलेबी केली. मी स्वतः वाढायला निघालो. पण वऱ्हाडी पत्रावळीवर हात आडवे धरायला लागले!

"नको, नको! तुमीच खा. लई सोसलंत!"

एका आजीबाईंनी तर आपल्या पत्रावळीतली जिलेबी माझ्या हातावर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

टोपल्याच्या टोपल्या उरल्या. पुढं कितीतरी दिवस आमच्या घरात पाकाचा महापूर होता. पण ती बातमी घ्यायला एक पेपरवाला फिरकला असेल, तर शपथ!