पुढे संरक्षक बसवला आहे

परिपत्रके यांनी आपल्या छोट्या गाडीला पुढून नवा बंपर बसवून घेतला, ही घटना तशी कुणीही दखल घ्यावी अशी नव्हती. परिपत्रके हे त्यांचं आडनाव नव्हे. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसून परिपत्रकं लिहिल्यावर खरं आडनाव बायकोशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, इतकंच. गाडी एवढीशी की घरात तिला सगळे ‘डबी’ म्हणत. मेहुण्याची जीप मात्र अशी अवाढव्य की मागे घेताना डबी तिला दिसतच नसे. एका वर्षात तीनदा डबीचं नाक चेपलं. तिन्ही वेळा मेहुणा काच खाली करून म्हणाला, “भावोजी, तुम्ही गाडी लावता की लपवता?”

तिसऱ्यांदा चेपल्यावर परिपत्रके तडक वेल्डरकडे गेले. त्या मॉडेलचा तयार लोखंडी बंपर बाजारात मिळत नव्हता. इतक्या छोट्या गाडीच्या वाटेला कोण कशाला जाईल, असा कंपनीचा समज असावा. वेल्डरने पुठ्ठा कापून डबीच्या नाकाचं माप घेतलं, दोन इंची पाइप वाकवला, चार बोल्टांनी खालच्या सांगाड्याला आवळला, चकचकीत काळा रंग मारला आणि खात्री पटावी म्हणून एक सणसणीत लाथ घालून दाखवली. “साहेब, आता समोरच्याने काळजी करायची,” तो म्हणाला. परिपत्रक्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीचा अभिमान वाटला.

इथेच थांबला असता तर देवमाणूस सुखात राहिला असता. पण गाडीत काही बदल केला की पंधरा दिवसांत वाहन कार्यालयाला कळवावं, असा नियम आहे. तो पाळणारा इसम त्या कार्यालयाने तोवर पाहिला नव्हता. अर्जात एक रकाना होता : ‘केलेल्या बदलाचे स्वरूप’.

“अहो, सरळ बंपर लिहा ना,” बायको म्हणाली.

“बंपर? आपली भाषा काय भिकेला लागलीय?” असं म्हणून परिपत्रक्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : ‘गाडीच्या पुढे कायमस्वरूपी संरक्षक बसवला आहे.’ ते वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. फारच छान जमलं होतं.

वाहन कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी ते एकदाच वाचलं.

“पुढे बसवलाय म्हणजे, ड्रायव्हरच्या शेजारी?”

“नाही हो. बाहेर. गाडीच्या पुढे.”

“अगं बाई! माणसाला बाहेर बसवलंत?”

“माणूस नाही, मॅडम. संरक्षक. म्हणजे बंपर.”

“बंपर असता तर बंपर लिहिलं असतंत,” बाई म्हणाल्या. बाईंनी कपाटातून ‘वाहनाबाहेर बसणाऱ्या व्यक्तींची माहिती’ हा फॉर्म काढला, त्यावरची धूळ झटकली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“कामाचे तास?”

“चोवीस. अहो, पण तो...”

“सुट्टी?”

“त्याला कसली सुट्टी!”

“वय?”

“गुरुवारी झाला,” परिपत्रके वैतागून म्हणाले.

“वजन?”

“चौदा किलो.”

बाईंचं पेन थांबलं. “चार दिवसांत चौदा किलो? अंगाने बरं आहे हो बाळ,” त्या म्हणाल्या, आणि मग एकाएकी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “तान्ह्या लेकराला गाडीला बांधलंत? कशाने?”

“बोल्टांनी,” परिपत्रके बोलून गेले. खोटं बोलायची जिभेला सवय नसली की अशी पंचाईत होते. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना घरी नात होती. दुसऱ्या हाताने त्यांनी संगणकावर बालकल्याण खात्याकडे तक्रार पाठवायचं बटण दाबलं.

“हे खोडता येईल ना?” परिपत्रक्यांनी घाबरत विचारलं.

“सिस्टमवर चढतं. उतरत नाही,” बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

आता खरी गोम ऐका. महिनाअखेरीला परिपत्रक्यांच्या कचेरीत कक्षप्रमुखाच्या बढतीची यादी लागायची होती आणि यादीत पहिलं नाव परिपत्रक्यांचं होतं. काचेच्या केबिनमधल्या त्या खुर्चीकडे हा माणूस सव्वीस वर्षं डोळे लावून बसला होता. अट एकच, उमेदवारावर कुठलंही प्रकरण चालू नसावं. आणि परिपत्रक्यांवर आता अर्भकाला गाडीस जुंपल्याचं प्रकरण चालू होतं. बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरेना.

दोन दिवसांनी बालकल्याण निरीक्षक घरी आले. सज्जन गृहस्थ. त्यांनी डबीभोवती फेरी मारली, गुडघे टेकून खाली वाकले, बंपरवर टकटक करून पाहिलं.

“बघा! बंपरच आहे ना?” परिपत्रके म्हणाले.

“आहे की. मस्त आहे. कुठून करून घेतलात?”

“मग तसं लिहा ना साहेब!”

“मला मूल बघायला पाठवलंय. बंपर आमच्या खात्यात येत नाही.”

“पण मूल नाहीच आहे!”

“हे लेखी द्याल?”

परिपत्रक्यांना हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला. त्यांनी तिथल्या तिथे बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं : ‘सदर पत्त्यावर मूल नाही.’ शनिवारी उत्तर आलं. मूल बेपत्ता. शेवटचे कोणाच्या ताब्यात पाहिले : अर्जदाराच्या.

बायको आधी हसली, मग रडली, मग भडकली. “आपल्या दोन पोरांचे शाळेचे फॉर्म भरा म्हणून मी किती मागे लागायचे! तेव्हा हात लावला नाहीत. आणि ह्या तिसऱ्याचा अगदी मनापासून भरलात!” मेहुणा जीप घेऊन धावत आला. “घरात नवा पाहुणा आला आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही?” एवढं बोलून झाल्यावर मात्र त्याने कामाचं सांगितलं. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन द्या. इतके लोक सांगताहेत म्हटल्यावर सरकारला ऐकावंच लागेल.

परिपत्रक्यांनी निवेदन लिहिलं आणि दारोदार फिरले. पहिल्या दारात त्यांनी “त्याचं असं झालं...” म्हणून सुरुवात केली, तर शेजारी म्हणाले, “कुठे करायची?” दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर फोनवर बोलता बोलता सही ठोकली आणि पेनही ठेवून घेतलं. तासाभरात चाळीस सह्या झाल्या. माणसांवरचा विश्वास असा परत आल्यावर परिपत्रक्यांना गहिवरून आलं. घरी येऊन ते चक्क दोन पोळ्या जास्त जेवले.

यादी लागायच्या आदल्या दिवशी सुनावणी होती. सुनावणी अधिकाऱ्यांनी चष्मा लावून निवेदन वाचलं. “‘सदर संरक्षक हा बंपर असून मूल नव्हे.’ चाळीस सह्या. वा, वा.” मग त्यांनी फाइलमधून दुसरा कागद काढला. “आणि हा आमचा पंचनामा. मागच्या सोमवारी आमचे शिपाई तुमच्या इमारतीत फिरून आले. ‘सदर मूल गाडीस बांधलेले आम्ही समक्ष पाहिले. ते रडत होते.’ खाली चाळीस सह्या. माणसं तीच.”

“साहेब, त्यांनी न वाचताच केल्या असणार!”

“कुठल्या? ह्या, की तुमच्यावाल्या?”

 

“मग निकाल कसा लावणार?” परिपत्रक्यांनी विचारलं.

“एक्केचाळिसाव्या सहीवर,” अधिकारी म्हणाले आणि पंचनाम्याच्या तळाशी बोट ठेवलं. सही टपोरी होती, किंचित उजवीकडे झुकलेली, खाली दोन रेघा. परिपत्रक्यांना सोमवारची सकाळ आठवली. दाढी अर्धी झाली होती, कार्यालयाला उशीर होत होता, दारात कुणीतरी कागद घेऊन उभं होतं.

“तुमचीच ना?”

“माझीच,” परिपत्रके म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. काचेच्या केबिनमध्ये आता दुसरं कुणीतरी बसतं. डबी पुरावा म्हणून जप्त झाली आणि मुलाचा शोध जोरात चालू झाला. चौकाचौकात पत्रकं लागलीत : वजन चौदा किलो, अंगावर चकचकीत काळा रंग, हाक मारल्यास ओ देत नाही.

काय बावळट माणूस, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू दे. शोधासाठी आपखुशीने नावं दिलेल्या नागरिकांची यादी परवाच जाहीर झाली. दर रविवारी पहाटे पाच ते दुपारी दोन, मूल सापडेपर्यंत. तुमचं नाव सतराव्या ओळीत आहे. गेल्या आठवड्यात तुमच्या दारावर सही घ्यायला आले होते ना, तीच ही सही. येताना जुने बूट घाला, नाल्यात उतरायचं आहे.