संत अँथनीची पाठ

फिलोमिनाआजीच्या खोलीचं दार महिन्याभरानं उघडलं, तेही तिच्या मुलीनं, क्षमानं. आजीला जाऊन महिना झाला म्हणून संध्याकाळी साडेपाचला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे तिच्यासाठीची प्रार्थना, होती आणि वेदीजवळ ठेवायला तिचा फोटो हवा होता. फोटो समोरच होता. पण क्षमा तो न घेताच बाहेर आली.

"दादा, अँथनीचं तोंड भिंतीकडं हाय."

नरहरीनं चहाचा कप खाली ठेवला. संत अँथनी म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. आजी त्याच्याशी शाळामास्तरणीसारखी वागायची. चष्मा सापडेना की वीतभर उंचीच्या त्या मूर्तीचं तोंड भिंतीकडं फिरवायची आणि वस्तू मिळेपर्यंत सरळ करायची नाही. संत बिचारा तासाभरात काम उरकून टाकत असे.

"म्हंजे आईचं काहीतरी हरवलं होतं," नरहरी म्हणाला. "अन् ते न सापडताच गेली."

आजी मूळची नागपूरची, रेल्वे दवाखान्यात नर्स. हिंदी मुलखात, गुढियारीत राहणाऱ्या यज्ञेश्वर देशकर या हिंदू कारकुनाशी लग्न करताना तिनं सौदा चोख ठरवला होता. मुलांची नावं त्यानं ठेवायची, बाप्तिस्मा तिनं करून घ्यायचा. मग साठेक वर्षं ती दर रविवारी पायी चर्चला गेली आणि दर गणपतीत मोदकाच्या कळ्या पाडत बसली. संध्याकाळी जपमाळ घेतली की एकेका मण्यावर घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची. ज्याच्याशी दिवसभरात खटका उडाला असेल, त्याला दोन मणी. सून वनमाला म्हणायची, पस्तीस वर्षांत निम्मी माळ माझ्याच वाट्याला आली असेल.

"मिस्साच्या आत शोधून काढू," नरहरीनं ठरवलं. "त्याशिवाय आईले शांती नाई."

नरहरी, क्षमा, वनमाला आणि नरहरीचा मुलगा पराग शोधाला लागले. बाहेर एप्रिलचं ऊन पांढरं झालं होतं. खोलीत कूलरमधला ओल्या वाळ्याचा वास, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड, दूर मालगाडीची लांबत जाणारी शिटी. ट्रंकेतून एकेक वस्तू निघाली की चौघंही तिच्याभोवती पेंगुळल्यासारखी बसत. नर्सच्या गणवेशाचा बिल्ला निघाला. क्षमाच्या पहिल्या फ्रॉकची झालर निघाली. लग्नात यज्ञेश्वररावांनी घातलेला, नंतर कुणीच न पाहिलेला टाय निघाला.

दर वेळी नरहरी म्हणे, "हेच असन." अँथनीला सरळ केलं जाई. मग क्षमाला शंका येई आणि तो परत भिंतीकडं जाई. दुपारपर्यंत संतांच्या सात फेऱ्या झाल्या.

"पापा, पता कैसे चलेगा कि यही चीज़ थी?" परागनं विचारलं.

"मन सांगते."

"किसका मन?"

क्षमानं विषय बदलला. "वहिनी, आईची क्रुसाची साखळी कुठं हाय हो?"

"त्यांच्याच गळ्यात दिली. हूक तुम्हीच लावला ना." वनमालानं इतकंच म्हटलं आणि पुन्हा चादरी झाडू लागली. सकाळपासून तिनं ती एकच चादर चार वेळा झाडली होती.

साडेचार वाजले. नरहरी आजीच्या पलंगावर बसून राहिला.

"तुम्ही जा. मी नाई येत. आईनं जाता जाता एक काम ठेवलं होतं अन् आपल्याले महिनाभर पत्ता नाई. काय तोंड घेऊन जाऊ चर्चमध्ये?"

वनमालाच्या हातातली चादर थांबली.

"काही हरवलं नव्हतं," ती म्हणाली.

तिघांनी तिच्याकडं पाहिलं.

"ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आई गोड सोडायच्या ना. त्या दुपारी म्हणाल्या, वनमाला, पेढा दे. मी म्हटलं, उपवासकाळ हाय, वरून शुगर. तर हात लांब करून त्यायनं अँथनीले भिंतीकडं फिरवलं. म्हणे, आता दे."

"किती दिले?" नरहरीचा आवाज अगदी हळू होता.

"दीड. उरलेला अर्धा माह्या तोंडात कोंबला. म्हणे, आता तू कोनाले सांगत नाई. मंग त्यांचा डोळा लागला, तो लागलाच. फिरवायचं राहून गेलं." तिनं डोळ्याला पदर लावला. "महिना झाला, मले झोप नाई. माह्या पेढ्यानंच तर..."

कूलरमधून पाणी ठिबकत राहिलं.

"त्याच सकाळी मी गुलाबजाम दिला होता," नरहरी म्हणाला. "माह्यासमोरही फिरवलं होतं त्याले. पन मंग सरळ केलं होतं, म्हून वाटलं, आता काही हरवलंच असन."

"मैं तो हर शनिवार जलेबी लाता था," पराग म्हणाला. "आधी मुझे खिला देती थी."

क्षमा पडद्याकडं पाहत होती. "ते पेढे माहेच, वहिनी. माह्या घरून, अभनपूरहून दर पंधरा दिवसांनी धाडत होती मी. आईच म्हणाली होती, उशीत ठेवते."

चाळीस दिवसांच्या त्या कडक उपवासात संतांना उजेड कितीसा दिसला असेल, याचा चौघांनी मनातल्या मनात अंदाज घेतला.

"डॉक्टरनं सांगतलं नव्हतं का," नरहरी बायकोला म्हणाला, "चौऱ्याऐंशी वर्षांचं काळीज, झोपेत थांबलं. पेढ्यानं नाई गेली आई, वनमाले. पेढा खाऊन गेली." मग तो उठला. "चला, उशीर होते."

चर्चमध्ये फादर आजीबद्दल मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "हमारी फिलोमिना माँ ने चालीसे में कभी मीठा छुआ तक नहीं। खुद बताती थीं। है न, नरहरि भैया?"

सगळ्या माना वळल्या. नरहरी उभा राहिला. शेजारी वनमाला पायाच्या बोटांकडं पाहत होती, परागनं ओठ दाबून धरले होते.

"हव, फादर," नरहरी म्हणाला आणि खाली बसला.

क्षमानं त्याला कोपरानं ढोसलं. "देवाच्या घरात खोटं बोलून राहिला तू, दादा."

"आईचाच पोट्टा हावो," नरहरी म्हणाला.